बिननावाच्या पुड्या

माझं औषधांचं दुकान कोपऱ्यावर आहे आणि घर दुकानाच्या वर. एकतीस वर्षं मी खाली औषधं विकतो आणि वर वाटतो. गल्लीत मला 'अर्धे डॉक्टर' म्हणतात. काही कौतुकाने म्हणतात, काही कुचेष्टेने, पण खोकला झाला की दोन्ही पक्ष माझ्याच काउंटरवर येऊन उभे राहतात.

घरच्यांसाठी माझी एक पद्धत होती. कोणाचं नाक वाहायला लागलं, घसा धरला, दाढ सुजली की दुकानातून चार-सहा गोळ्या काढून आणायच्या, पांढऱ्या कागदी पुडीत घालायच्या आणि वर फक्त 'सकाळ-संध्याकाळ' लिहायचं. गोळीचं नाव लिहायचं नाही. नाव दिसलं की माणूस ते फोनवर शोधतो, शोधलं की घाबरतो आणि घाबरला की मलाच शिकवायला येतो. 'ही कसली गोळी?' असं कोणी विचारलंच तर माझं उत्तर ठरलेलं असे, 'बरं वाटायची.'

त्यांतल्या निम्म्याहून जास्त पुड्यांत अँटिबायोटिक असायचं. साध्या सर्दीवर त्याचा काडीचा उपयोग नाही, हे मला ठाऊक नव्हतं असं कोणी समजू नये. माझी पदवी दुकानात भिंतीवर लावलेली आहे. पण मी गोळी दिली की सर्दी पाचव्या दिवशी जायची. दिली नसती तरी पाचव्याच दिवशी गेली असती, हे घरात कोणी तपासून पाहिलं नव्हतं. श्रेय आयतं मिळत होतं, मी घेत होतो.

थंडी सरता सरता बायकोला खोकला झाला. मी पुडी दिली. खोकला हटेना म्हणून चार दिवसांनी जरा वरच्या दर्जाची पुडी दिली. खोकला गेला आणि जुलाब सुरू झाले. सुरुवातीला दिवसातून पाच-सहा वेळा, मग पंधरा वेळा. मी जुलाब थांबवायची गोळी दिली. त्याने पोट फुगलं, ताप चढला, आणि ही न्हाणीघराच्या दारात चक्कर येऊन पडली. आमचे चिरंजीव शाळेत भूगोल शिकवतात, आवाज चढवणं त्यांच्या स्वभावात नाही. त्या दिवशी त्याने चढवला. 'बाबा, आता पुडी पुरे,' म्हणाला आणि आईला गाडीत घालून हॉस्पिटलात घेऊन गेला. मी मागच्या सीटवर तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलो होतो.

पोटाच्या डॉक्टर वयाने आमच्या मुलाहून लहान होत्या. त्यांनी विचारलं, गेल्या महिनाभरात काय काय औषधं घेतली? बायको म्हणाली, 'ते यांना विचारा, मला काय ठाऊक?' मी नावं सांगितली, मात्रांसकट. डॉक्टर लिहीत होत्या. दुसऱ्या नावावर त्यांचं पेन थांबलं.

'हे खोकल्यासाठी? कोणी लिहून दिलं?'

'मीच,' मी म्हणालो. आवाज मलाच अनोळखी वाटला.

तपासणीत निघालेल्या जिवाणूचं नाव रिपोर्टवर भलंमोठं होतं. डॉक्टर त्याला नुसतं सी-डिफ म्हणत. पुस्तकात मी तो वाचला होता, परीक्षेत त्याच्यावर उत्तरही लिहिलं होतं. डॉक्टरांनी बायकोला समजावलं ते माझ्या उत्तरापेक्षा सोपं होतं. आपल्या आतड्यात कोट्यवधी जिवाणू राहतात. ते अन्न पचवायला मदत करतात आणि मुख्य म्हणजे जागा अडवून बसतात, त्यामुळे बाहेरच्या वाईट जिवाणूला पाय ठेवायला मिळत नाही. अँटिबायोटिक पोटात गेलं की चांगले-वाईट न बघता ते सगळ्यांना झोडपतं. मग रिकाम्या घरात हा सी-डिफ शिरतो, विष सोडतो आणि आतड्याला आतून सूज आणतो.

'म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी,' बायको म्हणाली.

'अगदी,' डॉक्टर म्हणाल्या. 'आणि यात तर चोर नव्हताच. खोकला बहुधा विषाणूचा होता, त्याला ही औषधं लागूच पडत नाहीत.'

मी खिडकीबाहेर बघितलं. तिथे वाहनतळ होता. बघण्यासारखं काही नव्हतं.

सी-डिफवर औषध आहे. दहा दिवस दिलं, जुलाब थांबले, आम्ही घरी आलो. बाराव्या दिवशी पुन्हा सुरू. पुन्हा हॉस्पिटल, पुन्हा औषध, पुन्हा घर. तिसऱ्या वेळी ही स्वतःच्या पायांवर जिना उतरू शकली नाही. एकसष्ट किलोची बाई चव्वेचाळीसवर आली. अंगठी बोटातून गळून पडायला लागली म्हणून सुनेने ती काढून कपाटात ठेवली. घरात साबणाच्या वड्यांचा ढीग लागला, कारण त्या जिवाणूची बीजं हात चोळायच्या सॅनिटायझरने मरत नाहीत, साबण-पाण्याने धुऊनच काढावी लागतात. मी दुकानात बसायचो आणि गिऱ्हाइकांना चुकीच्या बाटल्या द्यायचो. मला भीती वाटत होती, ही जाईल याची. दुसरी भीती तिच्या मागे उभी होती, की ही जाईल ती माझ्या हातून.

तेव्हा डॉक्टरांनी शेवटचा उपाय सांगितला. घर रिकामं आहे म्हणून चोर परत येतो, तर घर भरून टाकायचं. निरोगी माणसाची विष्ठा घ्यायची, सलाइनमध्ये कालवून गाळायची आणि नळीतून रोग्याच्या आतड्यात सोडायची. त्यातले चांगले जिवाणू आत वस्ती करतात. बहुतेक रोगी याने बरे होतात.

चिरंजीवांचा चेहरा उतरला. पण बायको, जिला धड बसवत नव्हतं, ती उशीवरून म्हणाली, 'एवढं म्हातारपण आलं, आता हेच खायचं राहिलं होतं.'

'खायचं नाही हो,' डॉक्टर हसल्या, 'खालून.'

'मग चालेल.'

प्रश्न होता दात्याचा. या हॉस्पिटलात असा साठा नव्हता. दाता आम्हीच आणायचा होता. तो निरोगी हवा, त्याच्या रक्ताच्या आणि शौचाच्या तपासण्या स्वच्छ हव्यात, आणि गेल्या तीन महिन्यांत त्याने एकही अँटिबायोटिक घेतलेलं नसावं, कारण ते घेतलं असेल तर त्याचंच घर रिकामं. डॉक्टरांनी आमच्या तिघांकडे पाहिलं. मी बाद होतो. हिचा खोकला चालू असतानाच घसा बसला म्हणून मी स्वतःला तीन दिवसांचा डोस दिला होता. चिरंजीवही बाद, त्याच्या कानदुखीला मी पाच दिवस गोळ्या दिल्या होत्या आणि त्याला ते आठवत होतं, कारण त्या पुडीने त्याचं पोट बिघडलं होतं. मेहुणीला मधुमेह आणि सतरा दुखणी. शेजाऱ्यांना विचारावं तर तेही माझेच गिऱ्हाईक.

राहिली सून.

सून सांडपाणी शुद्ध करायच्या केंद्रात प्रयोगशाळेत काम करते. शहराचं घाण पाणी टाक्यांत येतं, तिथे जिवाणू ते साफ करतात, आणि ही रोज बाटल्या भरून त्या जिवाणूंची तब्येत बघते. बोलते कमी. आमच्याकडे येऊन तीन वर्षं झाली, माझा शब्द तिने कधी खाली पडू दिला नव्हता. पुडी दिली की 'बरं, बाबा' म्हणून घेऊन जायची. अशी आज्ञाधारक सून मिळाली म्हणून मी काउंटरवर लोकांना सांगायचो.

डॉक्टरांनी तिला फॉर्ममधला प्रश्न वाचून दाखवला, 'गेल्या तीन महिन्यांत अँटिबायोटिक?'

'नाही,' ती म्हणाली.

मी तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसलो होतो. दोन महिन्यांपूर्वी तिची दाढ सुजली होती. मी सहा कॅप्सूलची पुडी दिली होती आणि 'सूज उतरायची गोळी' म्हणालो होतो. बिचारीला कसं कळणार आत काय होतं? ते एकट्या मला ठाऊक होतं.

मी तोंड उघडलं नाही.

त्याची कारणं माझ्याकडे तयार होती, आणि सगळी वजनदार होती. दुसरा दाता शोधायचा, तपासायचा म्हणजे तीन आठवडे, आणि डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाल्या होत्या की तीन आठवडे यांच्याकडे आहेत असं मला वाटत नाही. शिवाय दोन महिने म्हणजे काही कमी नाहीत, पोरगी तरुण आहे, आतडं भरून आलं असेल. तपासण्या होतीलच की. अशी मी मनाची समजूत घातली. तपासण्यांत रोग दिसतात, चांगले जिवाणू किती उरलेत ते दिसत नाही, हेही मला माहीत होतं. आणि सगळ्या वजनदार कारणांच्या खाली एक हलकं कारण होतं. मला सांगायची लाज वाटत होती.

तपासण्या स्वच्छ आल्या. गुरुवार ठरला. बायकोला कळलं तेव्हा तिने सुनेला जवळ बोलावलं आणि म्हणाली, 'बाहेर बोलू नकोस हं. लोक विचारतील, सुनेने सासूला काय दिलं?' दोघी हसल्या. हसताना हिला धाप लागली आणि डोळे मिटून पडून राहावं लागलं. तिच्या गळ्याखालची हाडं मी मोजू शकत होतो.

गुरुवारी सकाळी आठला आम्ही कॉरिडॉरमध्ये बसलो होतो. सुनेच्या मांडीवर झाकण लावलेला पांढरा डबा होता, तिच्याच कामावर नमुने न्यायला वापरतात तसा. डब्यावर तिने नाव, तारीख, वेळ लिहून चिठ्ठी चिकटवली होती. अक्षर अगदी सुवाच्य. मी त्या चिठ्ठीकडे बघत राहिलो. आतलं माझ्या बायकोच्या पोटात जाणार होतं आणि चिठ्ठीवर सगळं लिहिलेलं होतं, फक्त मला माहीत होतं तेवढं सोडून.

डॉक्टर डबा घ्यायला आल्या. सुनेने हात पुढे केला. मी उठून मध्ये उभा राहिलो.

'थांबा. हिने अँटिबायोटिक घेतलंय. अडीच महिन्यांपूर्वी. हिला माहीत नाही, मीच दिलं होतं. दाढ सुजली होती. मी नाव सांगितलं नव्हतं.'

एका दमात बोललो. चिरंजीव उभा राहिला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. 'बाबा, हे तुम्ही आज सांगताय? तेरा दिवस झाले फॉर्म भरून!'

'हो.'

'आईकडे दिवस किती राहिलेत, कल्पना आहे तुम्हाला?'

डॉक्टरांनी हात मागे घेतला होता. डबा अजून सुनेच्याच हातात होता.

'बाबा,' सून म्हणाली, 'ती पुडी मी घेतलीच नाही.'

मला वाटलं, मला वाचवायला बोलतेय. 'खोटं नको बोलूस. इथे जिवाशी गाठ आहे.'

'खोटं नाही. मी दुसऱ्या दिवशी दातांच्या डॉक्टरकडे गेले. दाढेत अन्नाचा कण अडकला होता, त्यांनी साफ केलं, सूज उतरली. तुमची पुडी घरी आहे. सगळ्याच आहेत.'

'सगळ्याच म्हणजे?'

ती माझ्याकडे न बघता डॉक्टरांशी बोलली. 'माझ्या कपाटात खालच्या कप्प्यात काचेची बरणी आहे. हे घेऊन येतील. वीस मिनिटं लागतील.'

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. नमुना ताजा वापरायचा होता, पण तासभर सवड होती. 'आणा,' म्हणाल्या. 'बघितल्याशिवाय मी पुढे जाणार नाही.'

चिरंजीव पळतच गेला. ती वीस मिनिटं आम्ही दोघं शेजारी शेजारी बसून काढली. मी एकदाच विचारलं, 'फेकून का नाही दिल्यास?'

'औषधं मोरीत टाकली की आमच्या टाक्यांत येतात, तिथले जिवाणू मरतात. कचऱ्यात टाकली तर जमिनीत मुरतात. नको असलेली औषधं दुकानात परत द्यायची असतात.' मग जरा थांबून म्हणाली, 'पण दुकान तुमचंच.'

बरणी आली. मुरंब्याची मोठी बरणी, तोंडापर्यंत पांढऱ्या पुड्या. प्रत्येक पुडीवर माझ्या हातचं 'सकाळ-संध्याकाळ' आणि त्याखाली पेन्सिलने तारीख. नमुना हातात आला की तारीख टाकायची ही तिची सवय. डॉक्टरांनी नर्सच्या टेबलावर पुड्या ओतल्या आणि सर्वांत अलीकडची उघडली. सहा कॅप्सूल. मी दिल्या तशाच.

'याच का?'

'याच.'

तेवढ्यावर थांबल्या असत्या तर मी सुटलो असतो. पण डॉक्टर पक्क्या होत्या. त्यांनी दुसरी पुडी उघडली. 'ही कुठली?' मी नाव सांगितलं. 'कशासाठी?' सर्दी. तिसरी. नाव सांगितलं. घसा. चौथी, पाचवी. नर्स काम सोडून ऐकायला लागली. एकतीस वर्षांत घरातल्या कोणाला जे नाव मी सांगितलं नव्हतं, ते मी त्या टेबलापाशी उभा राहून एकेक करून मोठ्याने सांगत होतो, आणि माझा मुलगा ऐकत होता. सत्तावीस पुड्या निघाल्या. त्यांतल्या एकोणीस अँटिबायोटिकच्या.

'यातलं काहीच घेतलं नाही?' डॉक्टरांनी सुनेला विचारलं.

'डोकेदुखीच्या दोन घेतल्या होत्या. त्या मला ओळखता आल्या.'

डॉक्टरांनी डबा उचलला. 'तुमच्या घरात एवढ्या औषधांतून सुटलेलं हे एकमेव पोट आहे,' म्हणाल्या आणि आत गेल्या.

तासाभराचंही काम नव्हतं. बायकोला बाहेर आणलं तेव्हा ती गुंगीत होती. पहिले दोन दिवस काही फरक दिसला नाही आणि मी दर तासाला नर्सला विचारून तिचं डोकं उठवलं. तिसऱ्या दिवशी दोनदाच जावं लागलं. पाचव्या दिवशी तिने दही मागितलं. दहाव्या दिवशी आम्ही घरी आलो. आठ आठवडे उलटले तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की आता सी-डिफ परत येण्याची शक्यता फार कमी. आजवर आलेला नाही. वजन पन्नासच्या वर गेलं आहे, अंगठी बसते.

या सगळ्या दिवसांत मला एकच विचार कुरतडत होता. जिने माझ्यावर विश्वास ठेवला ती मरता मरता वाचली, आणि जिने ठेवला नाही तिच्यामुळे वाचली. हे बायकोला माहीत नव्हतं. कॉरिडॉरमधलं तिला कोणी सांगितलं नव्हतं. चिरंजीव माझ्याशी कामापुरतं बोलत होता, पण आईपाशी त्याने चहाडी केली नाही.

शेवटी एका रविवारी दुपारी, दुकान बंद असताना, मीच तिच्या पलंगाशी खुर्ची ओढून बसलो आणि सगळं सांगितलं. खोकला, दोन पुड्या, फॉर्मपाशी गप्प बसलो ते, बरणी, सत्तावीस आणि एकोणीस. तिने मध्ये एकदाही अडवलं नाही. सांगताना माझा आवाज फाटला, तेव्हा तिने नजर खाली केली, मला सावरायला वेळ मिळावा म्हणून.

'बरणी मला माहीत आहे,' ती म्हणाली. 'दोन वर्षं झाली. कपाट मीच आवरते ना.'

'आणि मला बोलली नाहीस?'

'काय बोलायचं? पोरगी शहाणी आहे, एवढं कळलं.'

मला हे झेपेना. 'अगं, मग तू का घेत राहिलीस? तुलाही कळत होतं ना, दर सर्दीला कशाला गोळी लागते?'

'कळत होतं थोडंफार.'

'मग?'

तिने चादरीची घडी सरळ केली. उत्तर तयार होतं, फक्त द्यावं की नाही याचा ती विचार करत होती असं मला वाटलं.

'तुम्ही दुकान सोडून वर यायचात,' ती म्हणाली. 'पाण्याचा पेला स्वतः भरून आणायचात. मी गिळेपर्यंत उभे राहायचात आणि मग कपाळाला हात लावून बघायचात. अडतीस वर्षांत, अहो, एरवी कधी लावलात?'

खाली रस्त्यावरून कोणीतरी बंद दुकानाचं शटर वाजवलं, दोनदा. मी उठलो नाही. मी तिच्या कपाळावर हात ठेवला. ताप नव्हता.